टीएलआर-४ ची ॲन्टिबॉडी: पट्टी यायला हवी कुठे आणि येते कुठे!

चिमणी_फतेगंज | १८ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर गुपचूप वाचत असते. स्वतः धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

बडोद्यात पीएचडी करतेय, चौथं वर्ष. काम दाहावर, म्हणजे इन्फ्लमेशनवर. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचा पदार्थ असतो. तो ओळखून पेशीत बोंबाबोंब सुरू करणारा एक ग्राही (रिसेप्टर) आहे, टीएलआर-४. मी उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी वाढवते (रॉ २६४.७), त्यांना एका वनस्पतीचा अर्क देते आणि टीएलआर-४ कमी होतो का ते वेस्टर्न ब्लॉटवर बघते (प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची, मग ॲन्टिबॉडीने हवं ते शोधायचं; सापडलं तिथे पट्टी उमटते).

आता रडगाणं. ॲन्टिबॉडीची नवीन कुपी मागवली. सशात बनवलेली, पॉलिक्लोनल, १०० मायक्रोलीटर. किंमत माझ्या महिन्याच्या फेलोशिपला भारी. कुरियर आलं १३ तारखेला संध्याकाळी. १४ ला उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, १५ ला वासी उत्तरायण, अख्खं बडोदं गच्चीवर. खोका तीन दिवस गेटवरच्या केबिनमध्ये. १६ ला उघडला तेव्हा आतलं बर्फाचं पाकीट कोमट पाणी झालेलं.

तरीही ब्लॉट केला. तीन पट्ट्या आल्या. एक १२० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) जवळ, पसरट, तूप सांडल्यासारखी. एक ६६ ला, जाडजूड. एक ४० च्या आसपास, बारीक. डेटाशीटवर लिहिलंय 'अपेक्षित वजन ९५', आणि फोटोत एकच पट्टी, आजूबाजूचं सगळं कापलेलं. माझ्याकडे ९५ ला काहीच नाही.

सर म्हणतात उत्तरायणात ॲन्टिबॉडी मेली, कंपनीला लिही. कंपनी म्हणते तुमचा नमुना खराब. मी मधल्यामध्ये. फेकू का ही कुपी? की माझंच काही चुकतंय?

पोळीपंडित | १८ जानेवारी, रात्री ११:५२

शीर्षक वाचून वाटलं गाण्याचा धागा आहे. आमची पट्टी काळी चार, ती पण सकाळी सकाळी काळी दोनला येते. :)

दांडियाबाजारकर | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

चिमणीबेन, विज्ञानात आपण 'ढ'. पण ॲन्टिबॉडी म्हणजे करोना झाल्यावर रक्तात तपासायचो तीच ना? ती सशात कशी बनते आणि कुपीत कशी येते? चहा पिता पिता समजेल असं कोणी सांगा.

वॉटरबाथ | १९ जानेवारी, सकाळी ९:०५

@दांडियाबाजारकर, तीच जात. सशाला एखादं प्रथिन किंवा त्याचा तुकडा टोचला की त्याचं शरीर त्याला ओळखणारी प्रतिपिंडं बनवतं. ती रक्तातून काढून, गाळून कुपीत भरायची. मग ब्लॉटवर ओतली की ती आपलं माणूस शोधत फिरतात. फरक एवढाच की तुमच्या रक्तातली तुमचं रक्षण करतात, ही पगारी खबरी आहेत.

आणि खबऱ्याची गोची अशी. मांडवीच्या गर्दीत उभं राहून 'अहो काका!' अशी हाक मारा. तुमचे काका वळतीलच, पण आणखी चौघं वळतील. पॉलिक्लोनल म्हणजे एकाच वेळी पन्नास जणांनी मारलेली हाक. कोणी 'काका' म्हणतोय, कोणी 'चश्मेवाले काका', कोणी नुसतंच 'ए!'.

@चिमणी, तुझ्या प्रश्नाकडे. पुण्यात आहे, सात वर्षं हेच करतोय, म्हणून अधिकारवाणीने बोलतो. ९५ हा आकडा कागदावरचा आहे. माणसाचा टीएलआर-४ ८३९ अमिनो आम्लांचा, उंदराचा ८३५ चा. नुसत्या साखळीचं वजन काढलं की ९५ च्या आसपास येतं. पण हा ग्राही पेशीच्या बाहेर डोकं काढून बसतो आणि त्या डोक्यावर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, एन-ग्लायकोसायलेशन. साखर धरून तो जेलवर ११० ते १३० मध्ये कुठेही धावतो, आणि पसरट धावतो, कारण प्रत्येक रेणूवर साखर सारखी नसते. तू 'तूप सांडल्यासारखी' म्हणालीस ना, मला तिथेच बरं वाटलं. तुझी १२० चीच पट्टी खरी असण्याची शक्यता मोठी.

पडताळायचं तर पीएनजेस एफ नावाचं एन्झाइम मिळतं, ते या साखळ्या कापतं. नमुना त्यात ठेव आणि परत ब्लॉट कर. पट्टी १२० वरून ९५ कडे उतरली तर ती साखर लावलेल्या प्रथिनाची. जिथल्या तिथे राहिली तर दुसरंच काही.

उत्तरायणाचं म्हणशील तर आयजीजी, म्हणजे या जातीची ॲन्टिबॉडी, एवढं नाजूक नसतं. तीन दिवस जानेवारीच्या हवेत सहसा काही होत नाही. खराब झालेली ॲन्टिबॉडी मंद होते, पट्टी फिकट येते. ती नवीन पट्ट्या जन्माला घालत नाही.

चिमणी_फतेगंज | १९ जानेवारी, सकाळी ९:४०

वॉटरबाथ दादा, खूप धन्यवाद! सरांना दाखवलं. ते म्हणाले 'हं.' आमच्या सरांचा 'हं' म्हणजे अर्धा होकार.

पण मग ६६ आणि ४० कोण?

निवृत्त_स्लाइडवाला | १९ जानेवारी, दुपारी १:२०

मी जेलवाला नाही. एकतीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतकांच्या तपासणीत, छेद कापले, आता रावपुऱ्यात नातवाला शाळेत सोडतो. तरी थोडं सांगतो.

आमच्या वेळी काचेवर छेद चिकटावा म्हणून अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन फेटून ठेवायचो, करंगळीने काचेवर पुसायचं, इतकं पातळ की दिसू नये. जास्त लागलं की रंगात ढग यायचे. नंतर इम्युनो आलं, म्हणजे छेदावर ॲन्टिबॉडी घालायची आणि ती बसेल तिथे तपकिरी रंग आणायचा. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या ऊतकात प्रथिनं एकमेकांना जखडून बसतात, ॲन्टिबॉडीला शिरायला जागा मिळत नाही. म्हणून सिट्रेटच्या पाण्यात, पीएच ६, काचा उकळायच्या. त्याला आम्ही सरळ स्वयंपाकघरातला कुकर वापरायचो. प्रेशर आल्यावर तीन मिनिटं, मग गॅस बंद, झाकण घाईने उघडायचं नाही. एका शिकाऊ मुलाने उघडलं होतं, सगळे छेद काचेवरून सुटून पाण्यावर तरंगायला लागले, दुधावरच्या सायीसारखे.

मुद्दा असा की आम्ही प्रत्येक खेपेला तीन काचा लावायचो. एक अशी जिथे रंग यायलाच हवा, एक अशी जिथे येताच कामा नये, आणि एक ज्यावर पहिली ॲन्टिबॉडी घातलेलीच नाही. तिसरीवर तपकिरी दिसलं की त्या दिवशीचा रिपोर्ट बंद. चिमणीबाई, तुमच्या ब्लॉटमध्ये 'येताच कामा नये' अशी लेन (नमुन्याची रांग) कुठे आहे?

चिमणी_फतेगंज | १९ जानेवारी, दुपारी २:०५

काका, खरं सांगू? नाहीये.

आणि एक कबूल करते. याच ॲन्टिबॉडीच्या आधीच्या लॉटने आम्ही उंदराच्या यकृताच्या स्लाइड केल्यात, पेपरच्या मसुद्यात फोटोही लागलाय. त्या लॉटलाही ६६ ची पट्टी फिकट यायची. आम्ही आकृतीत वरचाच भाग कापून लावायचो.

निवृत्त_स्लाइडवाला | १९ जानेवारी, दुपारी २:३०

यकृताच्या त्या फोटोत तपकिरी कुठे आहे? हा ग्राही मुख्यतः कुप्फर पेशींत (यकृतातल्या मॅक्रोफेज) दिसायला हवा, म्हणजे शिरांच्या कडेने तुरळक बसलेल्या, लांबुडक्या. सगळं यकृत एकजात खारकेसारखं तपकिरी असेल तर मला शंका आहे.

चिमणी_फतेगंज | १९ जानेवारी, दुपारी २:३३

एकजात. खारकेसारखं. :(

भाषाभगिनी | १९ जानेवारी, दुपारी ४:१०

अवांतर करते, माफी. इन्फ्लमेशनला 'दाह' हा शब्द मला कधीच पटला नाही. दाह म्हणजे जळजळ. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत चार लक्षणं सांगतात: लाली, सूज, उष्णता, वेदना. दाहात त्यातली दीडच येतात. आयुर्वेदातला 'शोथ' जास्त जवळचा. 'सूज' म्हटलं तर पायाला मुंगी चावल्यासारखं वाटतं.

आणि ॲन्टिबॉडीला 'प्रतिपिंड' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर कावळाच येतो.

पोळीपंडित | १९ जानेवारी, दुपारी ४:१८

कावळा नाही शिवला तर ॲन्टिबॉडी नॉनस्पेसिफिक समजावी.

दांडियाबाजारकर | १९ जानेवारी, दुपारी ४:३०

हाहाहा. भाषाभगिनी, आपल्याच बडोद्यात सयाजीरावांनी कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश १९३१ साली छापून घेतला होता. त्यात ग्राही असेल का बघायला हवं. आजोबांच्या कपाटात एक खंड होता, वाळवीने रिसेप्टर शोधून काढला.

क्यूसीकाका | १९ जानेवारी, रात्री ९:००

मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. टीएलआर-४ ज्याच्यामुळे भडकतो तो एलपीएस म्हणजे आमच्या भाषेत एन्डोटॉक्सिन. इंजेक्शनच्या प्रत्येक बॅचमध्ये तो शोधणं हीच आमची रोजीरोटी. पूर्वी सशाला टोचून त्याचा ताप बघायचे. मग नालखेकड्याच्या निळ्या रक्तापासून बनवलेली चाचणी आली, एलएएल. एन्डोटॉक्सिन असेल तर नळीतला द्रव गोठतो. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर हा प्राणी सापडतो, चाचणीतला मात्र अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा.

हे सांगायचं कारण, वनस्पतीच्या अर्कातसुद्धा एन्डोटॉक्सिन सहज असतं. चिमणी, तुझा अर्क तपासलास का? नाहीतर तू ज्याला औषधाचा परिणाम म्हणतेस तो पाण्याच्या टाकीतल्या जिवाणूंचा निघायचा.

चिमणी_फतेगंज | १९ जानेवारी, रात्री ९:२०

काका, तुम्ही माझी आज रात्रीची झोप घालवलीत. तपासलाय, पण दोन वर्षांपूर्वी.

उंदीरमामा | १९ जानेवारी, रात्री १०:४५

एवढा काथ्याकूट कशाला? टीएलआर-४ नसलेला उंदीर जगात आहे. सी३एच/हेज. याच उंदरामुळे तर कळलं की एलपीएसचा ग्राही टीएलआर-४ आहे, ते १९९८ चं काम, त्यातल्या बॉयटलरला २०११ चं नोबेल. त्या उंदराचं ऊतक मिळव, त्याच्यात पट्टी नाही आली तर ॲन्टिबॉडी खरी. संपलं.

वॉटरबाथ | १९ जानेवारी, रात्री ११:१०

मामा, थांबा. सगळे इथेच फसतात, मी पण फसलो होतो. सी३एच/हेज उंदरात टीएलआर-४ *आहे*. फक्त ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आहे, एका अक्षराचा फरक. त्यामुळे तो ग्राही संदेश पुढे देत नाही. पण प्रथिन बनतं आणि ब्लॉटवर पट्टी येते. त्या उंदराला निगेटिव्ह कंट्रोल (पट्टी येऊच नये असा नमुना) म्हटलंस तर चांगली ॲन्टिबॉडी कचऱ्यात जाईल.

खरोखर नसलेला हवा तर सी५७बीएल/१०एससीएनजे. त्याच्यात तो अख्खा जनुकच गळालाय.

उंदीरमामा | १९ जानेवारी, रात्री ११:२५

मान्य. मुका आणि गैरहजर यात फरक आहे. पण तो उंदीर चिमणी बडोद्यात आणणार कुठून? कागदपत्रं होईपर्यंत तिचं लग्न होऊन मुलं शाळेत जातील.

चिमणी_फतेगंज | १९ जानेवारी, रात्री ११:२७

मामा, आईने सांगितलंय का तुम्हाला बोलायला?

वॉटरबाथ | २० जानेवारी, सकाळी ८:३०

उंदीर नको. हेक २९३ पेशी कोणत्याही लॅबमध्ये मिळतात, तुमच्या शेजारच्या खोलीतही असतील. त्या माणसाच्या मूत्रपिंडावरून आलेल्या, आणि त्या स्वतःहून टीएलआर-४ बनवत नाहीत. म्हणून तर या ग्राहीचा अभ्यास करणारे त्यांच्यात जनुक घालून काम करतात. कोऱ्या हेकची एक लेन लाव. तिथे १२० ला काही दिसलं तर वाईट बातमी. स्लाइडवाले काका म्हणाले तीच 'येताच कामा नये' वाली काच.

तुझी ॲन्टिबॉडी माणसाच्या टीएलआर-४ च्या तुकड्यावर बनवलीय की उंदराच्या? तुकडा कुठला? बाहेरचं डोकं माणूस आणि उंदरात बरंच वेगळं, आतली टीआयआर नावाची शेपटी बरीच सारखी.

चिमणी_फतेगंज | २० जानेवारी, सकाळी १०:००

माणसाचा तुकडा, 'सी-टर्मिनलजवळचा', म्हणजे शेपटीचा. उंदीर 'अपेक्षित' म्हणून लिहिलंय. नेमका क्रम विचारला तर उत्तर आलं: 'प्रोप्रायटरी'. महिन्याभराचे पैसे मोजून काय विकत घेतलं ते गुपित!

सोबत ब्लॉकिंग पेप्टाइड, म्हणजे ॲन्टिबॉडी ज्यावर बनवली तोच तुकडा, विकायला तयार आहेत, वेगळ्या किमतीत. घेऊ का?

वॉटरबाथ | २० जानेवारी, सकाळी १०:२०

नको. पेप्टाइड टाकल्यावर पट्टी गेली म्हणजे एवढंच कळतं की ॲन्टिबॉडीचे हात पेप्टाइडमध्ये अडकले. त्याच हातांनी ती चुकीच्या प्रथिनालाही धरत असेल तर ती पट्टीही जाणारच. मांडवीच्या हाकेचं तोंड दाबलं, आता कोणीच वळत नाही. काका कोण ते कुठे कळलं?

रक्तदाबाच्या अँजिओटेन्सिन ग्राहीचं आठव. २०१२-१३ च्या सुमारास लोकांनी बाजारातल्या कितीतरी ॲन्टिबॉडी तो जनुकच नसलेल्या उंदरांवर तपासल्या. त्या उंदरांतही तशीच पट्टी! तोपर्यंत त्यांच्यावर केवढे पेपर निघाले होते.

सुरसागर_काठचा | २० जानेवारी, सकाळी ११:४५

थांबा थांबा. चिमणीताई, ब्लॉट कशाने ब्लॉक करतेस, म्हणजे ॲन्टिबॉडी कुठेही चिकटू नये म्हणून पडद्याच्या मोकळ्या जागा कशाने भरतेस? दूध की बीएसए?

चिमणी_फतेगंज | २० जानेवारी, सकाळी ११:५०

आता दूध पावडर, ५ टक्के. आधी बीएसएने केलं होतं पण सगळा ब्लॉट काळाकुट्ट आला. सर म्हणाले बीएसए जुनं असेल. नवीन डबा उघडला, तरी काळा. म्हणून दुधावर आले. का?

सुरसागर_काठचा | २० जानेवारी, दुपारी १२:१०

कारण ६६ हा आकडा बघून माझं डोकं तेव्हापासून खाजतंय. गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनचं, म्हणजेच बीएसएचं वजन ६६!

हे बघ. छोटा पेप्टाइड एकटा टोचला तर ससा त्याला भीक घालत नाही. म्हणून तो मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. एक वाहक केएलएच नावाचं प्रथिन, दुसरा बीएसए. बीएसए वापरलं असेल तर ससा पेप्टाइडविरुद्ध बनवतो त्याच्या दुप्पट जोमाने बीएसएविरुद्ध बनवतो. नंतर नीट गाळून वेगळं केलं नाही, तर कुपीत दोन्ही. या लॉटचं गाळणं आधीच्यापेक्षा वाईट झालं असेल.

आता तुझ्या पेशी कशात वाढतात? गाईच्या वासराच्या सीरममध्ये, १० टक्के. ते अल्ब्युमिनने भरलेलं. पेशी नीट न धुता लायसिस केलंस, म्हणजे फोडल्यास, तर ते नमुन्यात येणार. आणि बीएसएने ब्लॉक केलं तर तू अख्ख्या पडद्यावर ॲन्टिबॉडीचं आवडतं खाणं पसरवतेस. काळाकुट्ट होईल नाहीतर काय!

उंदीरमामा | २० जानेवारी, दुपारी १२:१५

अरे वा!! सुरसागर, तू इतके दिवस फक्त गरब्याच्या पासेसच्या धाग्यावर कसा काय होतास?

निवृत्त_स्लाइडवाला | २० जानेवारी, दुपारी १२:४०

आणि यकृताच्या पेशी काय बनवतात? अल्ब्युमिन. रक्तातलं सगळं अल्ब्युमिन तिथेच तयार होतं. गाईचं ओळखणारी ॲन्टिबॉडी उंदराचंही थोडंफार ओळखत असेल तर यकृत एकजात तपकिरी होणार नाही तर काय. शिवाय चिमणीबाई, स्लाइड ब्लॉक कशाने केल्या होत्या?

चिमणी_फतेगंज | २० जानेवारी, दुपारी १२:४४

बीएसए.

पोळीपंडित | २० जानेवारी, दुपारी १२:४६

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शेरलॉकच्या आधी आमचा सुरसागर.

चिमणी_फतेगंज | २० जानेवारी, दुपारी १:०५

पेशी एकदाच पीबीएसने (मिठाचं बफर) खळबळते. घाईत असले की तेही अर्धवट. आता चिडूही कोणावर?

दांडियाबाजारकर | २० जानेवारी, संध्याकाळी ६:३०

मला यातलं निम्मं कळलं आणि तेवढ्यानेच मजा आली. एक शंका. ब्लॉटबद्दल वाचायला गेलो तर सगळीकडे 'एचआरपी, हॉर्सरॅडिश' दिसतं, त्यात घोड्याचा काय संबंध? आणि सापाच्या विषावरची लस घोड्यात बनते म्हणतात ती हीच का?

क्यूसीकाका | २० जानेवारी, रात्री ८:१५

हॉर्सरॅडिश ही मुळ्याच्या कुळातली एक तिखट वनस्पती, घोडा फक्त नावात. तिच्या मुळातलं एन्झाइम पहिलीला धरणाऱ्या दुसऱ्या ॲन्टिबॉडीला जोडतात, म्हणजे पट्टी उजळते. (ॲझाइड टाकलेल्या बफरमध्ये ठेवू नका, ते एन्झाइम बंद पडतं. हे मी एकदा पूर्ण आठवडा घालवून शिकलो.)

सर्पदंशावरची मात्र खरोखर घोड्याची. आपल्याकडे मुंबईत परळचे हाफकिनवाले घोड्यांना थोडं थोडं विष टोचून वर्षानुवर्षं बनवत आलेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच औषध. तीही पॉलिक्लोनलच, आणि तिथे ते चांगलंच, विषात दहा पदार्थ असले तर दहा हाका हव्यात. चिमणीला मात्र एकच काका हवेत. त्यासाठी मोनोक्लोनल, म्हणजे सगळ्या प्रती एकाच हाकेच्या. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी ती युक्ती काढली, १९८४ ला नोबेल. पेटंट काही घेतलं गेलं नाही. आपल्या बडोद्यातल्या शेअरबाजारवाल्यांना हे ऐकवू नका, रडतील.

उंदीरमामा | २० जानेवारी, रात्री ८:४०

मोनोक्लोनल घेतली की सुटलो असंही नाही हां. उंदराच्या टीएलआर-४ ची एमटीएस५१० नावाची प्रसिद्ध मोनोक्लोनल आहे, फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजायला, वापरतात. ती टीएलआर-४ आणि त्याचा जोडीदार एमडी-२ एकत्र असतील तेव्हाच धरते. एलपीएस येऊन बसलं की तिची पकड सुटते. लोक एलपीएस देतात, सिग्नल उतरतो, आणि लिहितात 'ग्राही कमी झाला'. कमी झाला की फक्त दिसेनासा झाला? काही आत ओढलेही जातात, ते वेगळंच. आणि ब्लॉटवर ही चालणारच नाही, एसडीएसमध्ये (प्रथिनं उलगडणारा साबण) उकळल्यावर कसली जोडी.

हो, मघाशी चुकलो म्हणून आता हुशारी दाखवतोय.

भाषाभगिनी | २० जानेवारी, रात्री ९:३०

टोल म्हणजे काय हो? नाक्यावरचा?

वॉटरबाथ | २० जानेवारी, रात्री ९:४५

जर्मन. 'तोल!' म्हणजे 'भन्नाट!' फळमाशीत हा जनुक सापडला तेव्हा न्युस्लाइन-फोलहार्ड बाईंच्या तोंडून निघालं म्हणतात. मग माणसात तसेच सापडले, 'टोलसारखे', म्हणून टीएलआर. मराठीत 'भन्नाटसदृश ग्राही-४' करा, माझी हरकत नाही.

भाषाभगिनी | २० जानेवारी, रात्री ९:५२

भसग्रा-४. शोथाचा भसग्रा. सुंदर.

चिमणी_फतेगंज | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मंडळी, धागा वर काढते. पीएनजेस एफ शेजारच्या लॅबमधून उसनं आणलं (बदल्यात त्यांच्या मॅडमचं प्रेझेंटेशन नीट करून दिलं), हेकही तिथूनच. जेल काल.

लेन १: माझ्या नेहमीच्या रॉ पेशी. लेन २: त्याच, पण तीनदा पीबीएसने धुतलेल्या, प्रत्येक वेळी पीबीएस पूर्ण ओढून. लेन ३: धुतलेल्या, साखर कापलेल्या. लेन ४: हेक, धुतलेल्या. लेन ५: सुरसागरदादांसाठी, शुद्ध बीएसए, ५० नॅनोग्रॅम. ब्लॉक दुधाने.

स्क्रीनवर सगळ्यात आधी लेन ५ पेटली. ६६ ला, पांढरीफटक, ट्यूबलाइटसारखी. ५० नॅनोग्रॅमला! लेन १ मध्ये ६६ जाड, २ मध्ये जेमतेम सावली. १२० ची पट्टी १ आणि २ मध्ये तशीच तूप सांडलेली, ३ मध्ये खाली येऊन ९५ च्या जवळ, आणि चक्क रेखीव झालेली. लेन ४ मध्ये १२० ला काही नाही, ९५ लाही नाही.

४० वाली पहिल्या चारही लेनमध्ये आहे. हेकमध्ये सुद्धा. तिचं कुळ-गोत्र काही कळलं नाही.

सुरसागर_काठचा | २ फेब्रुवारी, रात्री १०:२०

लेन ५ ची प्रिंट काढून फ्रेम करतो.

४० ला बीटा ॲक्टिन (सगळ्या पेशींत असतं ते प्रथिन) नाही ना? ते ४२ ला येतं. आधी ॲक्टिनची ॲन्टिबॉडी लावून नीट स्ट्रिप न करता (ती न उतरवता) टीएलआर लावलंस तर जुनी ओळख राहते.

चिमणी_फतेगंज | २ फेब्रुवारी, रात्री १०:२४

नाही दादा, टीएलआर आधी, ॲक्टिन नंतर. मीही तेच तपासलं.

वॉटरबाथ | २ फेब्रुवारी, रात्री १०:५०

झकास काम. ही ॲन्टिबॉडी ब्लॉटवर वापर, दुधाने ब्लॉक करून, फक्त १२० मोजून, आणि आकृतीत अख्खा ब्लॉट दाखव, ६६ आणि ४० सकट. परीक्षकाने विचारलं तर लेन ५ आहे. जमलं तर पुढच्या महिन्यात एसआयआरएनएने (जनुकाचं काम दाबणारे आरएनएचे तुकडे) टीएलआर-४ खाली आण आणि १२० तेवढीच उतरते का बघ, हेक माणसाच्या आणि तुझ्या पेशी उंदराच्या, तेवढी फट राहते.

स्लाइडवर आणि फ्लुरोसन्सला मात्र ही बाद. ब्लॉटवर वजनावरून काका ओळखता येतात, स्लाइडवर सगळे एकाच रंगात.

चिमणी_फतेगंज | २ फेब्रुवारी, रात्री ११:०५

तेच तर. सरांनी ब्लॉट बराच वेळ बघितला. म्हणाले, 'यकृताचा फोटो काढून टाक.' मी दारापर्यंत गेले तर परत हाक: 'प्रायमरीशिवायची (पहिली ॲन्टिबॉडी न घातलेली) स्लाइड आहे का आपल्याकडे?' नाहीये. 'ब्लॉक शिल्लक आहेत?' पॅराफिनचे, म्हणजे ऊतक बसवलेले मेणाचे ठोकळे, आहेत, फ्रिजमध्ये. मग दुसऱ्या कंपनीची रिकॉम्बिनंट (जनुकावरून बनवलेली) ॲन्टिबॉडी मागवायला सांगितली आणि म्हणाले यावेळी तिन्ही काचा. 'तिन्ही' कुठून ऐकलं विचारलं तर हसले. मला वाटतं सर हा धागा वाचतात.

पोळीपंडित | २ फेब्रुवारी, रात्री ११:०९

सर, नमस्कार. 'हं' लिहा म्हणजे कळेल.

क्यूसीकाका | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

आणि अर्काचं एन्डोटॉक्सिन?

चिमणी_फतेगंज | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

पाठवलंय काका. रिपोर्ट शुक्रवारी. देवाला नारळ कबूल केलाय. चांगला आला तर सगळ्या बडोदेकरांना माझ्याकडून सेव-उसळ, तर्री वेगळी.

स्लाइडवाले काका, एक विचारायचं होतं. आमच्या लॅबमध्ये ॲन्टिजेन रिट्रीव्हल, म्हणजे ते काचा उकळणं, मायक्रोवेव्हमध्ये करतात, मधे काचा सुकतात. तुम्ही एखाद दिवशी येऊन दाखवाल का?

निवृत्त_स्लाइडवाला | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

नातवाला सोडलं की साडेदहाला मोकळा असतो. कुकर माझाच घेऊन येतो, पाच लिटरचा. रिंग नवीन टाकलीय.